पाटीवरची शेवटची ओळ

व्यासपीठाच्या पायरीशी पत्र्याचं एक मोठं घमेलं ठेवलं होतं आणि लोक त्यात आपापले चष्मे टाकत होते. जाड काचांचे, बारीक काड्यांचे, दोऱ्याने बांधलेले, परवाच बनवून आणलेले. एकेक चष्मा खळकन पडला की हॉलभर टाळ्या. घमेलं भरून चष्मे जमिनीवर सांडायला लागले, तरी रांग हटायचं नाव घेत नव्हती.

वर नेत्रमहाराज उभे होते. पांढरा सदरा, पांढरी दाढी, हातात माइक, आणि आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्याशी एकट्याशीच बोलताहेत.

"चष्मा म्हणजे काय, भक्तहो? डोळ्याची कुबडी. धडधाकट पायाला कुबडी लावा, पाय लुळा पडेल. तुमचे डोळे आजारी नाहीत. ते आळशी झालेत. आणि त्यांना आळशी कुणी केलं? ज्यांची पोटं तुमच्या डोळ्यांवर चालतात, त्यांनी."

या वाक्याला हमखास टाळी होती. ती आली.

चमत्काराचे दोन टप्पे होते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका पाटीवर महाराजांची सहा वचनं लिहिलेली होती, पहिलं तळहाताएवढ्या अक्षरांत आणि मग उतरत उतरत सहावं अगदी बारीक. चष्मा टाकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर महाराज आधी 'दृष्टिपट' धरायचे. म्हणजे काळ्या पत्र्याची पट्टी, तिला सुईच्या टोकाएवढी भोकं. त्यातून बघितलं की धुरकट पाटी एकदम स्वच्छ दिसायची. माणूस रडायलाच लागायचा. मग महाराज पट्टी काढायचे, पाटीवर दोन मोठे दिवे लागायचे, आणि ते कानाशी हळूच म्हणायचे, "आता कशाच्याही आधाराशिवाय वाच. शेवटची ओळ." माणूस डोळे बारीक करायचा आणि ठणठणीत आवाजात म्हणायचा, "प्रकाश आतच आहे!" की हॉल डोक्यावर. पट्टी घरी न्यायला फुकट होती. ती ठेवायची डबी तेवढी विकत होती.

त्या दिवशी शेवटची ओळ वाचणाऱ्यांत एक घड्याळजी होता. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांतली केसासारखी चाकं सरळ करणारा माणूस. त्याने चष्मा घमेल्यात टाकला तेव्हा महाराजांनी माइकवरून सांगितलं, ज्याच्या नजरेवर अख्ख्या शहराचं वेळापत्रक चालतं, तोही बघा आज मोकळा झाला. शेवटच्या रांगेत उभी असलेली एक बाई टाळ्या न वाजवता बघत होती. ती घड्याळजीची धाकटी बहीण. कॉलेजात ती पोरांना संशोधन कसं करावं ते शिकवायची. सगळं कॉलेज तिला बाई म्हणायचं, आणि पन्नाशी उलटली तरी दादा तिला छोटी म्हणायचा.

टाळ्या न वाजवण्याचं कारण साधं होतं. दादाला नुसता चष्मा नव्हता, काचबिंदू होता. हा मोठा सोज्वळ आजार आहे. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस गुपचूप मरत जाते. आधी कडेकडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते, त्यामुळे माणूस खुशाल वाचत असतो, सुईत दोरा ओवत असतो आणि आंधळा होत असतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर सकाळ-संध्याकाळ औषधाचा थेंब, जन्मभर. दादा ते थेंब नेमाने घालायचा. महाराजांनी सांगितलं, थेंब आणि दृष्टिपट एका घरात नांदत नाहीत. दादाने थेंब बंद केले.

बाई त्याच रात्री जेवायच्या वेळी त्याच्या घरी गेली आणि भांडली. वहिनी मधे पडली, मग तीही रडली. दादा शांत होता. बरं झालेल्या माणसाची एक वेगळीच शांती असते, तिच्यापुढे डोकं आपटून उपयोग नसतो.

"छोटे, तू पोरांना काय शिकवतेस? पुरावा मागा म्हणून ना? मग हा घे. मी चष्म्याशिवाय ती ओळ वाचली. मी, स्वतः. तूही तिथे होतीस. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"वाचलीस हे खरं. डोळा बरा झाला हे कुणी तपासलं?"

"माझा डोळा. मला कळणार नाही?"

तो पाण्याच्या तांब्याकडे हात न्यायला गेला आणि शेजारचा पेला कोपराने खाली पाडला. वहिनी निमूट उठली, पाणी पुसलं. दाराशी निरोप देताना ती हळूच म्हणाली, "वन्सं, हल्ली फार धडपडतात हो. दाराची चौकट लागते, पेले सांडतात. वय झालं, दुसरं काय."

बाईने त्या वेळी मान हलवली आणि घरी आली. रस्ताभर तिला ते वाक्य टोचत राहिलं. पेले सांडतात, हे वहिनीने डोळ्यांनी पाहिलेलं. वय झालं, ही वहिनीने स्वतःची घातलेली समजूत. दोन्ही एकाच दमात, एकाच सुरात सांगितली, म्हणून ऐकणाऱ्यालाही ती एकच गोष्ट वाटली.

आता दादाला पटवायचं कसं, या विवंचनेत महिन्यांमागून महिने गेले आणि मग घरचा आहेर मिळाला. कॉलेजचे विभागप्रमुख, म्हणजे बाईचे वरिष्ठ, हे महाराजांचे भक्त. त्यांनी विद्यार्थी पाठवून महाराजांकडे आलेल्यांची पाहणी केली आणि झकास छापील अहवाल काढला. शंभरातल्या नव्वदांची दृष्टी सुधारली, असा निष्कर्ष. आठवड्याच्या आत हॉलच्या दारावर फलक लागला: 'संशोधनाने सिद्ध!' दादाने तो अहवाल बहिणीच्या हातात ठेवला तेव्हा त्याला फारच आनंद झाला होता. तुमच्याच कॉलेजचा आहे, म्हणाला.

बाईने अहवाल पहिल्या पानापासून वाचला. कुणाचे डोळे तपासल्याचा शब्द नव्हता. पोरांनी दारात उभं राहून बाहेर येणाऱ्यांना एकच प्रश्न विचारला होता: 'तुम्हाला आता पूर्वीपेक्षा चांगलं दिसतं असं वाटतं का?' ज्याने नुकताच टाळ्यांच्या कडकडाटात चष्मा फेकलाय, तो काय नाही म्हणणार?

ती प्रमुखांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी चहा मागवला. माणूस गोड होता, त्यात शंका नाही. बाई म्हणाली, सर, ही लोकांची मतं आहेत, तुम्ही त्यांचं तथ्य करून टाकलंत. प्रमुख हसले. नव्वद माणसं सांगतात हे तथ्य नाही का, म्हणाले. आकडा खोटा आहे का?

"नव्वद माणसं असं म्हणाली, हे तथ्यच आहे, सर. पण ती जे म्हणाली ते तथ्य आहे की नाही, हे त्यांना विचारून कळत नाही. त्यासाठी डोळा तपासावा लागतो."

प्रमुखांनी चहाचा घोट घेतला. प्रत्येक गोष्ट मोजायलाच हवी का, माणसाच्या अनुभवाला काही किंमत आहे की नाही, असं बरंच बोलले. आणि शेवटी म्हणाले, तुम्हाला एवढीच शंका असेल तर तुम्ही दुसरी पाहणी करा ना, मी महाराजांशी बोलतो. पालथ्या घड्यावर पाणी! पण तो होकार बाईने खिशात घातला.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दादाचा दृष्टिपट ठेवला. दादाने तो मोठ्या मायेने तिला दिला होता, तुझाही चष्मा सुटेल म्हणून. तिने चष्मा काढला आणि पट्टीतून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. खरंच की. धुरकट आकडे धारदार झाले. क्षणभर तिलाही पट्टी खाली ठेववेना. इतकं स्वच्छ दिसत असताना माणसाने विश्वास तरी का ठेवू नये?

मग तिने पट्टी बाजूला ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं. वहिनीने थेंबांचं रिकामं खोकं डॉक्टरांना दाखवायला दिलं होतं, ते पर्समध्ये होतं. तिने त्याचा पुठ्ठा फाडला, टाचणीने एक भोक पाडलं आणि डोळ्याला लावलं. कॅलेंडर तितकंच स्वच्छ. त्या पुठ्ठ्यावर ना मंत्र, ना महाराजांचा हात, ना माइक.

दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरांनी ड्रॉवर उघडून तसलंच भोकाचं काळं झाकण तिच्यासमोर ठेवलं. आम्ही रोज वापरतो, म्हणाल्या. बारीक भोकातून सरळ येणारे तेवढेच किरण आत जातात, पसरणारे अडतात, म्हणून नंबर असलेल्या कुणालाही त्यातून स्पष्ट दिसतं. डोळ्यात काही बदलत नाही. भोक काढलं की जैसे थे. जोराचा दिवा लावला की बाहुली आपणच बारीक होते, त्यानेही थोडाफार फरक पडतो. मग त्यांनी विचारलं, भावाचे थेंब बंद होऊन किती झालं? बाईने सांगितलं, वर्ष होत आलं. डॉक्टरांनी ड्रॉवर बंद केला. त्याला घेऊन या, एवढंच म्हणाल्या.

दादा येईना. बाईने पुठ्ठा दाखवला तर म्हणाला, बरं मग, भोकाचं कळलं. पण मी नंतर पट्टीशिवाय वाचलं त्याचं काय? बाईकडे उत्तर होतं, पण सांगून तो मानणार नव्हता. उत्तर त्याला दिसायला हवं होतं.

म्हणून तिने प्रमुखांच्या हस्ते महाराजांना एक नवी पाटी भेट दिली. जुनी फार मळली होती. नवीवर तीच वचनं, तीच अक्षरं, तोच आकार, पहिल्या पाच ओळी जशाच्या तशा. फक्त सहावी तिने बदलली. महाराजांनी पाटी उलटसुलट करून पाहिली, कॉलेजचं नाव खाली लिहिलंय ते कौतुकाने वाचलं आणि स्वयंसेवकांना ती स्टँडवर चढवायला सांगितली. सहावी ओळ कुणीच वाचली नाही. वाचायची गरजच काय, ती सगळ्यांना पाठ होती. सभेच्या सुरुवातीला सगळा हॉल ती सहा वचनं तीनतीनदा घोकत असे.

बाईला वाटलं होतं, पहिला कुणी तरी अनोळखी माणूस वर जाईल. पण नव्या पाटीचा मुहूर्त म्हणून महाराजांनी आपला खास साक्षीदार बोलावला. घड्याळजी, या! दादा हसत हसत वर गेला. बाईच्या मनात आलं, उठावं आणि थांबवावं. ती उठली नाही. तिला थेंबांचं ते रिकामं खोकं आठवत होतं.

दिवे लागले. महाराजांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाच. शेवटची ओळ."

दादाने डोळे बारीक केले. "प्रकाश आतच आहे!"

टाळ्या. सगळा हॉल उभा राहिला. प्रमुख पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मग बाई पुढे गेली, पाहणीसाठी आलेय म्हणाली आणि माइक मागितला. कॉलेजची माणसं म्हणून कुणी अडवलं नाही. तिने पहिल्या रांगेतल्या एका मुलीला, जिला चष्माच नव्हता, पाटीजवळ बोलावलं आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली.

मुलगी वाकली. जरा घुटमळली. मग तिने वाचलं, "आज दुकान बंद आहे."

हे शब्द दादाच्याच दुकानाच्या दारावरच्या फळीवरचे. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खा हॉल. बाईने सांगितलं की आतापर्यंत इथे शेवटची ओळ कुणी वाचलेली नाही, सगळ्यांनी म्हटली आहे. तिने पिशवीतून पुठ्ठ्याचे टाचणी मारलेले तुकडे काढले, रांगेरांगेत वाटले, भोकातून का स्पष्ट दिसतं ते जसं डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सांगितलं. पट्टीतून स्पष्ट दिसतं हे खरंच आहे, म्हणाली, तुमचे डोळे खोटं बोलत नाहीत. पण त्यामुळे डोळा बरा होतो, हे या गृहस्थांचं म्हणणं आहे. दिसलेलं तुमचं, म्हणणं त्यांचं. दोन्हींची गाठ मारू नका, आणि ज्यांचे थेंब बंद आहेत त्यांनी उद्या सकाळी डॉक्टर गाठा.

आता महाराज पळतील असं वाटलं असेल तुम्हाला. छे! त्यांनी दुसरा माइक उचलला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"ज्याला आतला प्रकाश दिसला, भक्तहो, तो बाहेरची पाटी कशाला वाचेल?"

आणि काय सांगावं, अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. अर्धा हॉल घमेल्यावर तुटून पडला आणि आपापले चष्मे शोधू लागला, त्या झटापटीत कित्येक फुटले. एक म्हातारा बाईचा हात धरून म्हणाला, बाई, महाराजांच्या पट्टीपेक्षा तुमच्या पुठ्ठ्यात जास्त गुण आहे, माझ्या बहिणीसाठी एक द्या, तुमच्या हातचा. बाईने हात सोडवून घेतला. तिला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं, आणि वेळ दोन्हींना नव्हता, कारण दादा व्यासपीठावरून उतरत होता. समोर बघत, मान ताठ ठेवून. बाजूची पायरी त्याला दिसली नाही. तो गुडघ्यावर पडला. लोक अजून हसतच होते, त्यांना वाटलं लाजेने पाय घसरला.

आठ दिवस तो बहिणीशी बोलला नाही. चारचौघांत नाक कापलंस, एवढाच निरोप वहिनीच्या तोंडून आला. तो चुकीचाही नव्हता. मग एका सकाळी तो स्वतःच बाईच्या दारात उभा राहिला, गुडघ्यावर पट्टी, डोळ्यांवर घरात पडून असलेला जुना चष्मा. चल, म्हणाला.

डॉक्टरांकडे एक पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र असतं. त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. दादाने आयुष्यभर बारीक कामं केलेली, तो अगदी मन लावून बसला. बाई मागे उभी होती. तिला बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक टक. पुन्हा काहीच नाही.

दुसरा डोळा झाल्यावर दादाने मान वर केली आणि अगदी सहज, दुसऱ्या कारागिराच्या अवजाराबद्दल विचारावं तसं विचारलं, "डॉक्टर, मधे यंत्र बंद पडलं होतं का हो?"

"नाही, काका. यंत्र सुरूच होतं."

दादाने हातातलं बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. टक वाजलं. उजव्या डोळ्यात नळीतून बघावं इतकीच नजर उरली होती, डाव्यात त्याहून थोडी जास्त. गेली ती गेली. थेंब आता पुन्हा सुरू झाले, उरलीसुरली राखायला. वर्षभर तो म्हणत होता, मला सगळं दिसतं. तो खोटं बोलत नव्हता. जे दिसत नाही ते दिसत नाही हेही माणसाला दिसत नाही, म्हणून तर ते दुसऱ्याने मोजावं लागतं.

घरी येताना दादाने रस्ता ओलांडायला बहिणीचा दंड धरला. लहानपणी ती त्याचा धरायची. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, "छोटे, मी नजरेवर विश्वास ठेवला असं मला वाटत होतं. मी ऐकण्यावर ठेवला होता."

महाराजांचं काय झालं? काय होणार? हॉल सोडला आणि दुसऱ्या शहरात गेले. सोबत पाटी नेली नाही, अहवाल नेला. तिथेही फलक लागला असेल. कॉलेजने तो अहवाल मागे घेतलेला नाही. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये त्याची प्रत अजून काचेच्या कपाटात आहे. बाईने तक्रार लिहिली तर उत्तर आलं की, हा मतभेदाचा विषय आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर पीठ खाऊन झाल्यावर जात्यावर संशोधन छापलं.

दादाचं दुकान सुरू आहे. समोरच्या घड्याळातलं चाक त्याला अजूनही लख्ख दिसतं, शेजारी येऊन उभी राहिलेली बहीण मात्र ती बोलेपर्यंत दिसत नाही. अजूनही कुणी कुणी काळी पट्टी घेऊन दुकानात येतं, घड्याळजी, तुम्हाला गुण आला होता ना, म्हणून विचारतं. दादा त्याला स्टुलावर बसवतो. घड्याळाच्या डबीचा पुठ्ठा घेतो, अवजारातल्या सुईने भोक पाडतो आणि त्याच्या हातात देतो.

"बघा यातून. स्पष्ट दिसलं? हे झालं तथ्य. आता कुणी म्हणालं की यानं डोळा बरा होतो, तर ते म्हणणं झालं. म्हणणाऱ्याला विचारा, तपासलं कुणी, कशानं, आणि न तपासलेल्यांचं काय झालं. मग माझ्या उजव्या हाताला थोडी बोटं धरा. धरलीत? किती आहेत, मला माहीत नाही."

बहुतेक जण बोटं खाली घेतात. काही जण तिथून थेट डॉक्टरांकडे जातात. सगळे जात नाहीत. पण वाचकहो, तुम्ही तरी, कुणी शेवटची ओळ वाचून दाखवली की टाळ्या वाजवायच्या आधी चार पावलं पुढे व्हा आणि पाटीवर खरंच काय लिहिलंय ते स्वतः वाचा.